आठ वाफे आणि एक टाकी

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा जानेवारी २०२४ मध्ये शाळेच्या प्रांगणात झाला. त्या वेळी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि पत्रिकेत विषय छापलाय ‘शालेय परसबाग : पाण्याचे व्यवस्थापन’. नाव भारदस्त आहे. मी तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, गेल्या वर्षी निवृत्त झालो, म्हणून पाण्यावर बोलायला हाच बरा, असं त्यांना वाटलं असेल. मी मात्र वेगळ्या कारणासाठी उभा राहिलो आहे. २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत आपण सगळ्यांनी वर्गणी काढून शाळेला आठ गादीवाफे बांधून दिले. त्यांना पाणी देण्याची योजना मी आखली होती. ती फसली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे माहीत नाही, कारण आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त उद्घाटनाचे फोटो आले. तेव्हा आधी हिशेब देतो, मग पुढचं बोलू.

वाफे तुम्ही सकाळी पाहिलेच. विटांचे, दहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर उंच. आपलं पटांगण मुरमाचं. तिथे कुदळ मारली की ठिणगी उडते, हे आपल्याला कवायतीच्या तासाला खड्डे बुजवताना कळलंच होतं. त्यामुळे जमिनीवर विटा रचून आत तळ्याची माती, शेणखत आणि पालापाचोळा भरायचा, हा विचार बरोबर होता. मुलांचे पाय वाफ्यात पडत नाहीत, माती भुसभुशीत राहते. त्यातून निघणारी मेथी, वांगी, टोमॅटो पोषण आहाराच्या खिचडीत पडावेत, एवढाच हेतू.

पाण्यासाठी मी ठिबक सुचवलं. शाळेच्या छतावर एक हजार लिटरची टाकी आहे. तिथून नळी आणली, प्रत्येक वाफ्यात वीस तोट्या बसवल्या आणि सुरुवातीला बॅटरीवर चालणारा वेळेचा वाल्व लावला. सकाळी सहाला आपोआप उघडणार, साडेसहाला आपोआप बंद होणार. कोणी बघायला नको. ‘कोणी बघायला नको’ हे मी उद्घाटनाच्या दिवशी माइकवरून अभिमानाने सांगितलं होतं, त्याचं चित्रीकरण आहे.

मार्चमधली गोष्ट. सकाळची शाळा सुरू झाली होती. रविवारी पहाटे वाल्व वेळेवर उघडला, पण बंद झालाच नाही. सोमवारी सकाळी मुलं आली तेव्हा टाकी कोरडी ठणठणीत. नळाचं पाणी आपल्या गावाला दिवसाआड, आणि सोमवार नेमका पाणी न येण्याचा. प्यायला पाणी नाही, खिचडी शिजवायला नाही, बाथरूमला नाही. बाईंनी दहा वाजता शाळा सोडून दिली. काही मुलांचं दिवसातलं एकच धड जेवण शाळेत होतं, हे मला बाईंनी नंतर फोनवर सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोष वस्तूचा नव्हता. असला वाल्व बंद होताना पाण्याच्याच दाबाची मदत घेतो. आपली टाकी जमिनीपासून जेमतेम चार मीटरवर. तेवढ्या उंचीचा दाब त्याला पुरत नाही. ठिबकच्या साध्या तोट्यांवर ‘ताशी चार लिटर’ लिहिलेलं असतं तेही साधारण एक किलो दाबाला, म्हणजे दहा मीटर उंचीवरच्या टाकीला. त्यामुळे टाकीजवळच्या वाफ्यांत चिखल आणि शेवटच्या दोन वाफ्यांत धूळ, हे पहिल्या महिन्यापासून चाललं होतं. मी स्थापत्य अभियंता. कालव्याला किती उतार हवा, हे झोपेतही सांगेन. आणि माझ्या शाळेच्या टाकीची उंची मी मोजली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी सोलापूरहून आलो. आपले शिपाईमामा वाल्व काढून हातात घेऊन उभे होते. मला म्हणाले, “सायब, टाकी तेवढी पोरांस्नी ऱ्हाऊ द्या. झाडांचं म्या बघतो.” आणि त्यांनी बघितलं. एप्रिल-मेमध्ये, शाळा बंद असताना, मागच्या विहिरीवरून रोज दोन-दोन बादल्या ओढून त्यांनी वांग्याचे दोन वाफे जगवले. बाकीचे सहा गेले. मामांचं वय अठ्ठावन्न नाही, पण गुडघ्यांचं आहे. तेव्हा ‘मामा बघतील’ ही योजना होऊ शकत नाही, हेही मी तेव्हाच मनाशी लिहून ठेवलं.

आता वाफ्याकडे येतो. गादीवाफा हा प्रकार मुळात पाणी साचू नये म्हणून आहे. जिथे पाऊस धो-धो पडतो, रोपं कुजतात, तिथे माती उंचावतात. आपल्या भागातला शेतकरी उलटं करतो: भोवती वरंबा आणि आत खोलगट वाफा, म्हणजे आलेलं पाणी आतच राहतं. आपण मुरमामुळे उंच वाफे केले, त्यामुळे पाणी लवकर सोडण्याचा त्यांचा स्वभावही पदरात घेतला. वरून ऊन लागतं, चारही बाजूंनी विटा तापतात, आणि भुसभुशीत मातीतून पाणी खाली सरकतं. वाळलेलं खत तर पाण्याला जवळच करत नाही. तुम्ही बादली ओतली की पाणी विटेच्या कडेने घसरून खाली निघून जातं. वर ओलं दिसतं, चार बोटं खाली कोरडं ठाक.

किती पाणी लागतं, याचं एक सोपं गणित आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपला एक वाफा पावणेतीन चौरस मीटरचा. सध्याच्या थंडीत दिवसाला चारएक मिलिमीटर धरलं तर अकरा लिटर होतात, म्हणजे एक बादली. मे महिन्यात सात धरलं तर वीस लिटर. आठ वाफ्यांचे मेमध्ये दिवसाला एकशे साठ. हे अंदाजे आहे. ढग आले, वारा सुटला, पीक लहान-मोठं असलं की आकडा बदलतो. पण अंदाज हाताशी असला की ‘जरा जास्तच घाल’ ही आपली सवय मोडते.

आणि आकडा असला तरी मातीला विचारल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. शेतकऱ्यांच्या घरातल्यांना ‘वाफसा’ शब्द सांगायला नको. माती ओली आहे, पण चिखल नाही. मुळांना ओलही आहे आणि हवाही. त्या अवस्थेत झाड सुखी असतं. ती ओळखायची कशी? बोट दोन पेरं मातीत घाला. आत गार, ओलसर लागलं तर पाणी नको. किंवा आतली मूठभर माती दाबून लाडू वळा. लाडू वळला आणि बोटाने टोकरल्यावर फुटला, तर वाफसा आहे. वळलाच नाही तर पाणी द्या. दाबल्यावर बोटांच्या फटीतून पाणी आलं तर दोन दिवस वाफ्याकडे फिरकू नका. सहावीच्या मुली हे आता माझ्यापेक्षा चांगलं करतात. त्यांनी मला आज सकाळी पाच नंबरच्या वाफ्याला ‘आज नको’ असं सांगितलं, मी हातातली झारी खाली ठेवली.

एक फसगत सांगतो. दुपारी दोन वाजता भोपळ्याची, दोडक्याची पानं माना टाकतात. आपला जीव तुटतो आणि आपण पाणी ओततो. ती तहान असेलच असं नाही. उन्हात पान जेवढं पाणी सोडतं तेवढं मुळं तेवढ्या वेळात ओढू शकत नाहीत, एवढंच असू शकतं. संध्याकाळी तेच पान ताठ होतं. सकाळी सातला पान मलूल दिसलं तर मात्र खरी तहान. म्हणून बघायचं सकाळी, आणि पाणीही शक्यतो सकाळीच.

साध्या पद्धतींत पहिली झारी. बी पेरलेल्या वाफ्याला, मेथी, कोथिंबीर, मुळा यांना झारीला पर्याय नाही, कारण बी वरच्या थरात असतं. झारी नसेल तर तेलाच्या पाच लिटरच्या कॅनच्या झाकणाला तापल्या दाभणाने पंधरा-वीस भोकं पाडा. आपल्या शाळेत अशा सहा झाऱ्या आहेत, विकत एकही आणलेली नाही. एकच काळजी: पाणी दोन फेऱ्यांत द्यायचं. आधी आठही वाफ्यांवर हलकी फेरी मारायची. माती नुसती भिजली पाहिजे. तोवर पहिल्या वाफ्याला दहा मिनिटं झालेली असतात. मग दुसरी, खरी फेरी. भिजलेली माती पाणी पिते, वाळलेली घसरवते. तेवढंच पाणी, पण एका दमात ओतलेलं आणि दोन फेऱ्यांत दिलेलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हे मला खात्यात कोणी शिकवलं नाही. मामांना माहीत होतं.

आता मडकी. यावर जरा वेळ घेणार आहे.

आपल्या सगळ्यांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. आपण दुसरीत होतो. आई-बाप रोजगाराच्या कामावर खडी फोडायला, आणि आपल्याला सुकडी. आमच्या घरी तेव्हा पाण्याचा थेंबही मोरीतून वाया जात नसे, तो अळवाला जाई. माझ्या आईची एक घागर तळाशी पाझरत होती. मातीची घागर, टाकून कोण देणार? तिने ती दुधी भोपळ्याच्या आळ्याशेजारी गळ्यापर्यंत पुरली आणि भांडी विसळलेलं पाणी त्यात ओतू लागली. त्या वर्षी गल्लीत हिरवा वेल तो एकच. महादेवाच्या पिंडीवरची गळती आपण लहानपणापासून पाहतो. आईने गळती जमिनीत पुरली म्हणा. मला ती घागर आठवायला पन्नास वर्षं आणि एक रिकामी टाकी लागली.

ही युक्ती काही आईची एकटीची नव्हती. चीनमधल्या फान शंग-ची यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात मडकी पुरून पाणी देण्याचं वर्णन आहे. त्यामागचं तत्त्व असं. भाजलेल्या, चकाकी न दिलेल्या मातीच्या भांड्याला बारीक छिद्रं असतात. भोवतालची माती कोरडी असली की ती मडक्यातलं पाणी ओढते. माती ओली झाली की ओढ कमी होते, पाझरही कमी होतो. म्हणजे जो हुशारपणा मी बॅटरीच्या वाल्वकडून मागत होतो, तो कुंभाराच्या मडक्यात होता. त्याला घड्याळ कळत नाही, पण मातीची ओल कळते.

आपण ऑक्टोबरमध्ये दोन वाफ्यांत प्रत्येकी चार मडकी पुरली. पाच-पाच लिटरची, एका ओळीत, अडीच फुटांवर एक. तोंड मातीच्या दोन बोटं वर ठेवायचं, म्हणजे माती आत पडत नाही. टोमॅटोची आणि वांग्याची रोपं मडक्यापासून वीतभर अंतरावर. थंडीत ही मडकी तीन दिवसांनी भरावी लागतात. माझ्या गच्चीवरच्या वाफ्यात गेल्या मेमध्ये दिवसाआड भरत होतो. भरायला वाफ्यामागे दोन मिनिटं.

काही गोष्टी मी चुकून शिकलो, तुम्ही चुकू नका. माठ जुना झाला, पाणी गार करीना, म्हणून वाफ्यात पुरला, तर उपयोग नाही. पाणी गार होत नाही याचा अर्थच त्याची छिद्रं क्षारांनी बुजली आहेत, तो पाझरणारही नाही. नवं मडकं पाण्याने भरून सावलीत ठेवा. काही तासांत बाहेरून घाम फुटला तर घ्या. रंगवलेलं घेऊ नका. आपल्याकडचं पाणी जड, त्यामुळे एक-दोन हंगामांनी मडकं काढून काथ्याने घासून उन्हात वाळवावं लागेल, तरी नाही पाझरलं तर बदलावं लागेल. आणि झाकण! उघडं मडकं म्हणजे डेंग्यूच्या डासांचा पाळणा. शाळेच्या आवारात तर अजिबात चालणार नाही. प्रत्येक मडक्यावर घट्ट बसणारं झाकण किंवा पालथी पणती, आणि तिच्यावर दगड.

परवाच संक्रांत झाली. बायकांनो, तुमच्या घरी सुगडं पडली असतील. बिनरंगाची असतील तर फेकू नका. कुंडीत एक-एक पुरा. दोनशे-तीनशे मिलिलिटरच मावतं, पण मिरचीच्या एका रोपाला शनिवार-रविवार निघतो.

मडक्याच्या जोडीला आच्छादन हवंच. उसाचं पाचट आपल्याकडे लोक पेटवून देतात. तेच वाफ्यावर दोन-तीन बोटं जाड पसरा. आधी पाणी, मग पाचट. उलट केलंत तर पाचटच पाणी पितं. खोडापासून चार बोटं लांब ठेवा, आणि आठवड्यातून एकदा उचलून वाळवी लागली नाही ना ते बघा. आपल्या मुरमाड भागात ती लागते. ज्या वाफ्यावर पाचट आहे आणि ज्यावर नाही, त्या दोन्हींत बोट घालून पाहा, मी आणखी काही सांगत नाही.

पुण्या-मुंबईचे मित्र मघाशी विचारत होते, गच्चीवर आम्ही काय करायचं? हेच. चार दिवस गावाला जायचं असेल तर औषधाच्या दुकानातून सलाईनची नवी नळी आणा, बादली स्टुलावर ठेवा, चाकाने थेंब जुळवा. अनेक शेतकऱ्यांनी नव्या फळझाडांना हे केलं आहे. पण दवाखान्यातून वापरलेली नळी उचलून आणू नका, ती घाण भाजीत नको. आणि जाण्याआधी दोन दिवस समोर चालवून पाहा. न पाहता निघून गेल्याचा अनुभव मी सांगितलाच.

पाणी आणायचं कुठून, हा शाळेचा खरा प्रश्न. टाकीला आता वाफ्यांची नळी नाही आणि मी असेपर्यंत ती लागणार नाही. बाईंनी फाटकाजवळ एक पिंप ठेवलं आहे. शाळा सुटताना मुलं बाटलीत उरलेलं पाणी त्यात ओततात. आज दीडशे मुलांची शाळा आहे. बाटलीमागे वाटीभर उरलं तरी बादली-दोन बादल्या होतात. बाकीचं विहिरीचं. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र वाफ्यांना घालू नका. आपल्या पाण्यातले क्षार त्यात आणखी गोळा झालेले असतात. नोव्हेंबरमध्ये तीन नंबरच्या वाफ्यावर पांढरी पापडी आली ती त्यामुळेच. ते पाणी फरशी धुवायला वापरा.

आता मे महिना. शाळा सुमारे सहा आठवडे बंद. मघाशी एका मित्राने सुचवलं की पुन्हा वर्गणी काढू, या वेळी ओल मोजणारं यंत्र बसवू, मोबाइलवर दिसेल. कल्पना वाईट नाही, पण मोबाइलवर वाफा कोरडा दिसला तर कुवेतमधून त्याला पाणी कोण घालणार? माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते देणगीदारांना आवडणार नाही. मेमध्ये आठही वाफे हिरवे ठेवायचा हट्ट सोडा. दोन ठेवू: एकात वांगी, एकात मिरची. त्यांत मडकी आहेत. उरलेल्या सहांत एप्रिलअखेर पीक काढून घ्यायचं, वर जाड पाचट घालायचं आणि पाऊस येईपर्यंत तसेच ठेवायचे. दोन वाफ्यांना दिवसाला वीस-वीस लिटर धरले तरी चाळीस. ते विहिरीतून निघतात, टँकरच्या दिवसांतही निघतात. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा फोटो काढण्यासारखं फार काही नसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मडकी दिवसाआड भरायला माणूस लागेल. मामांना एकट्याने ते करायला लावायचं नाही. गावात राहणारे आपण अकरा जण आहोत. मी नाव नोंदवायला कागद केला आहे, सहा आठवड्यांचा, आठवड्याला दोघं. पहिल्या आठवड्यासमोर माझं नाव आहे. सोलापूरहून येईन, मुक्काम करीन. संध्याकाळी पाचनंतर येऊन जायचं, आठ मडकी भरायची, झाकणं लावायची, पिंपाचं झाकण बघायचं. अर्धा तास. कागद बाईंच्या टेबलावर आहे आणि आत्तापर्यंत त्यावर चार नावं आहेत.

आणखी एक काम आजच करायचं आहे. कुंभारवाड्यातून चोवीस मडकी काल आणून विहिरीमागे ठेवली आहेत. सगळी भरून पाहिली, दोनांना घाम फुटला नाही, ती बाजूला काढली आहेत. उरलेली बावीस कोणत्या वाफ्यांत पुरायची, ते सहावीच्या मुलींनी खडूने विटांवर लिहून ठेवलंय. जेवणानंतर गाण्यांच्या भेंड्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्याआधी तासभर या. खुरपी सहाच आहेत, त्यामुळे ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांनी पुढे बसा, बाकीच्यांनी पाणी आणा.